आणिक डेपोतलं बेस्टचं संग्रहालय: एका एसटी मेकॅनिकचा शेरा

फेऱ्या संपवून गाडी आगारात लागली की ड्रायव्हर शेरा लिहून जातो. ‘ब्रेक लांब लागतो.’ ‘गाडी डावीकडे ओढते.’ ‘मागची काच वाजते.’ तेवढ्यावरून आम्ही रात्री गाडीखाली शिरायचं. नाशिक जिल्ह्यातल्या एका एसटी आगारात मी मेकॅनिक आहे आणि सव्वीस वर्षं असले शेरे वाचण्यात गेली. लिहायची सवय नाही, वाचायची आहे. भाचीच्या साखरपुड्याला मुंबईला गेलो होतो, मधला एक बुधवार मोकळा मिळाला, तो मी बेस्टच्या संग्रहालयात घालवला. ताई अजून टोमणे मारते. ‘लोक मुंबईला आले की राणीची बाग बघतात, हा रजा टाकून आला आणि डेपोतच गेला!’

आधी पत्त्याचं सांगतो, कारण माझा आणि सोबत आलेल्या भाच्याचा पाऊण तास त्यात गेला. हे संग्रहालय आणिक आगारात आहे, सायन-वडाळ्याच्या बाजूला. आता ‘आणिक’ हे गावाचं नाव आहे हे ज्याला माहीत नाही त्याला रस्ता विचारून बघा. अँटॉप हिलला एका भाजीवाल्या मावशींना म्हटलं, ‘मावशी, आणिक डेपो कुठं?’ त्या म्हणाल्या, ‘आणिक कशाला? एक आहे की वडाळ्याला.’ भाचा हसून हसून खाली बसायचा राहिला. मग टॅक्सी केली, तर टॅक्सीवाल्यानं बिनधास्त प्रतीक्षानगरच्या डेपोवर नेऊन सोडलं. वडाळा, प्रतीक्षानगर, आणिक, सगळे एकाच पट्ट्यात. त्याची तरी काय चूक म्हणा, त्याच्या लेखी डेपो म्हणजे डेपो. तुम्ही मात्र ‘आणिक आगार, बेस्ट म्युझियम’ असं पूर्ण बोला.

गेटवर ‘कुठून आलात’ विचारलं. ‘एसटी’ म्हटल्यावर चेहराच बदलला. ‘या मास्तर, वर जा.’ प्रवेशाला पैसे नाहीत. तिकिटांनी भरलेल्या जागेत शिरायला तिकीट नाही, हे भाच्याला फार आवडलं.

हे संग्रहालय १९८४ साली कुर्ला आगारात सुरू झालं आणि १९९३ मध्ये इथे आणिकला आलं. म्हणजे पहिल्यापासून डेपोतच नांदतंय. मला ते फार योग्य वाटलं. वर तुम्ही काचेमागचं मॉडेल बघत असता आणि खालून चालू गाडीचा एअर सोडल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो. संगमरवरी इमारतीत हे ठेवलं असतं तर मी दहा मिनिटांत बाहेर पडलो असतो.

सुरुवात घोड्यांच्या ट्रामपासून. ९ मे १८७४ ला मुंबईत पहिली ट्राम धावली. कोलकात्यात आदल्या वर्षीच, १८७३ ला, सुरू झाली होती. मुंबईत दोन मार्ग: एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणी. स्टर्न्स आणि किट्रेज या कंपनीचा कारभार. कुलाबा कॉजवेच्या पश्चिमेला, जिथे आज बेस्टचं इलेक्ट्रिक हाऊस आहे, तिथं त्यांची कचेरी, आणि तबेल्यात ९०० घोडे.

भाचा म्हणाला, ‘मामा, नऊशे? एवढ्या ट्राम होत्या?’ नव्हत्याच. खरी गंमत तिथेच आहे आणि ती आगारात काम केलेल्या माणसालाच पटकन कळते. डबा दिवसभर चालतो, घोडा चालत नाही. रुळावरून का होईना, माणसांनी भरलेला डबा उन्हात ओढायचा म्हणजे काही तासांत घोडा दमतो. त्याला सोडायचा, ताजा जुंपायचा. एका डब्यामागे घोड्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात. म्हणजे नऊशेतले बहुतेक घोडे कुठल्याही घटकेला रस्त्यावर नसणार, तबेल्यात उभे असणार. दाणा, पाणी, नाल, लीद, आजारपण. आमच्याकडे दहा-पंधरा गाड्या ‘उभ्या’ दिसल्या की वरचे साहेब ओरडतात, इथे शेकड्यांनी उभे! आणि घोडा उभा असला तरी खातो. डिझेलची गाडी उभी असली की निदान पीत तरी नाही.

जाता जाता आमच्या नाशिकचं सांगतो. नाशकातही घोड्यांची ट्राम होती हे नाशिककरांनाच सांगावं लागतं. जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. पुढे घोडे जाऊन पेट्रोलचं इंजिन आलं आणि १९३०च्या दशकात ती बंद पडली. आमच्या डेपोत हे बोललो तर पोरं म्हणतात, ‘दादा, चहा जास्त झाला का?’

मग तिकिटं. १८७४ ला भाडं होतं तीन आणे आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं! पैसे द्यायचे, बसायचं. अर्थात लोकांनी जे करायचं तेच केलं. फुकटे वाढले आणि मग तिकिटं छापावी लागली. भाडंही पुढे दोन आण्यांवर आलं. एसटीच्या तपासणी पथकातल्या माझ्या एका मित्राला मी हे फोनवर सांगितलं, तर तो गंभीरपणे म्हणाला, ‘म्हणजे आमचं खातं तेव्हापासूनचं.’

तिकिटाची पत्र्याची पेटी आणि पंच पाहिल्यावर मात्र माझा पाय तिथून हलेना. आमच्याही कंडक्टरकडे मशीन येण्याआधी अशीच पेटी होती. आडव्या कप्प्यांत रंगीत तिकिटांचे गठ्ठे, वर ताणून धरणारी पट्टी, हातात पंच. गर्दीत कंडक्टर तो पंच पेटीच्या कडेवर टकटक वाजवत सरकायचा, त्या आवाजानं झोपलेला माणूससुद्धा खिशात हात घालायचा. पेटीच्या कडेला त्याच जागी पत्रा झिजून चकचकीत होतो. तुम्ही गेलात तर पेटीची दर्शनी बाजू बघू नका, कड बघा. भाच्यानं विचारलं, ‘एवढ्या तिकिटांचा हिशेब कसा लागायचा?’ गठ्ठ्याचा पहिला नंबर आणि शेवटचा नंबर लिहायचा, मधलं वजा करायचं. मशीन बिघडलं की आमच्याकडे कित्येक वर्षं तेच करत होते.

विजेच्या ट्रामपाशी मी पाऊण तास होतो. (टॅक्सीवाल्यानं खाल्लेला पाऊण तास तिथे वसूल केला.) ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. त्याआधी १९०५ ला ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ निघाली, बेस्ट हे नाव तिथलं. म्हणजे त्या ‘टी’चा अर्थ तेव्हा ट्रामवेज होता. ७ ऑगस्ट १९४७ ला कंपनी महापालिकेकडे आली तेव्हा त्याच ‘टी’चं ट्रान्सपोर्ट केलं. पाटी पुसायला नको, अक्षरं तीच. सरकारी काटकसर याला म्हणतात.

यामागे ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग ही विलायती कंपनी होती. मी आयुष्यभर डायनॅमो आणि स्टार्टरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे कोळशाचे छोटे ठोकळे) बदलत आलो, मला वाटलं त्यावरूनच नाव. तर नाही, चार्ल्स ब्रश नावाच्या अमेरिकी माणसाचं ते आडनाव! वीज बनवणाऱ्याचं आडनावच ब्रश. आमच्याकडे एक फिटर आहे, आडनाव लोखंडे. तसंच.

ट्रामसाठी वीज विकत आणायची सोय नव्हती, ती बनवावी लागे. वाडीबंदरला १९०५ मध्ये वीजघर उभं राहिलं, ते पुरेना म्हणून १९१२ ला कसाऱ्याचं. हा कसारा घाटाखालचा नव्हे, माझगावचा. मी क्षणभर फसलोच. कसारा म्हटलं की नाशिकवाल्याला घाट आणि तापलेले ब्रेक ड्रम आठवतात.

आता ट्राम चालायची कशी, ते जरा नीट सांगतो, कारण मॉडेल बघताना बहुतेक लोक ‘किती गोड’ म्हणून पुढे जातात. वर तार एकच. छपरावरचा दांडा त्या तारेला खालून दाबून धरतो, त्याच्या टोकाच्या चाकातून वीज खाली येते. मग वीज परत जाते कुठून? रुळातून. म्हणजे रूळ नुसता वाट दाखवायला नाही, तो अर्धी वायर आहे. म्हणूनच दोन रुळांच्या सांध्यावर तांब्याच्या पट्ट्या जोडाव्या लागतात, सांधा ढिला पडला की वीज अडखळते. ड्रायव्हरच्या पुढ्यात स्टिअरिंग नाही, ॲक्सिलरेटर नाही. एक उभी पेटी, वर हँडल. हँडल एकेक खाच फिरवलं की मोटरला वीज टप्प्याटप्प्यानं मिळते. या पेटीचं नाव कंट्रोलर. एसटीत कंट्रोलर म्हणजे स्टँडवर माइकवर गाड्या पुकारणारा माणूस. दोघांचं काम शेवटी एकच, एकदम सोडायचं नाही. हँडल घाईनं फिरवलं की गाडी हिसका देते, आतली माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि मोटर तापते ती वेगळीच.

शेवटच्या थांब्यावर दोन्हीकडून चालणारी ट्राम असेल तर ती वळवत नाहीत, माणसं वळतात. ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जातो, कंडक्टर दोरी ओढून वरचा दांडा तारेवरून सोडवतो आणि अर्धं वर्तुळ चालत जाऊन उलट्या बाजूला लावतो. रात्री, पावसात, वर बघत, ते टोकाचं चाक बोटभर तारेवर नेमकं बसवायचं. मला या एका कृतीसाठी त्या कंडक्टरना सलाम करावासा वाटला.

एक गोष्ट मी तिथे उभं राहून मनाशी जुळवत होतो. ट्राम आणि बस यांच्यात मोठा फरक विजेचा की डिझेलचा, हा नाहीच. बस रस्त्यात बंद पडली तर मागची बस बाजूनं निघून जाते. प्रवासी शिव्या देतात, पण मार्ग चालू राहतो. ट्राम बंद पडली की तिच्यामागची प्रत्येक ट्राम उभी. ओव्हरटेक नावाची चीजच नाही. त्यामुळे सगळा मदार रात्रीवर. खड्ड्यात, म्हणजे आमच्या भाषेत पिटवर, डब्याखाली जाऊन ब्रेकचे ठोकळे बघायचे, मोटरचे ब्रश बघायचे. चाक कुठे चपटं झालंय का बघायचं, कारण ब्रेकनं चाक जाम होऊन रुळावर घसरलं की तेवढ्या जागी ते घासतं आणि मग प्रत्येक फेऱ्याला ‘ठक’. लोखंडावर लोखंड, त्यात ओलं, म्हणून चाकापुढे वाळू सोडायची सोय. ती वाळू कोरडीच हवी, ओली झाली की नळीत बसते. आणि मुंबईचा पाऊस! मोटर गाडीच्या पोटाखाली, रुळापासून जेमतेम वर. हिंदमाताला पाणी भरलं की आमच्या ओळखीचा बेस्टचा ड्रायव्हर आजही कपाळावर हात मारतो, तिथं ट्रामच्या लोकांनी काय केलं असेल? सकाळी पहिली ट्राम वेळेवर निघाली म्हणजे रात्री कुणीतरी चिखलात झोपलेलं असणार.

मी हा असा विचार करणारा, त्यामुळे माझी भूक थोडी वेगळी. मला ट्रामच्या पोटाखालचा एखादा मोडका भाग, एक झिजलेलं चाक, फिटरची हत्यारांची पेटी हाताळायला मिळाली असती तर मी रात्रीपर्यंत तिथेच राहिलो असतो. सर्वसाधारण माणसाला मॉडेल, फोटो आणि तिकिटं भरपूर आहेत.

पुढचा भाग मी भराभर पाहिला, बसगाड्या मला रोजच्याच. पण आठवणीसाठी नोंद: सप्टेंबर १९२० ला दुमजली ट्राम, १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही मुंबईची पहिली बस, १९३७ ला दुमजली बस. आमची एसटी १ जून १९४८ ची, पुणे-नगर. म्हणजे बेस्टची बस आमच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठी, हे गेटवरच्या मास्तरांनी मला जाताना पुन्हा ऐकवलंच. ट्रॉलीबस मात्र थांबून बघा: जून १९६२ ते मार्च १९७१, गवालिया टँक ते माझगाव डॉक. वर तारा दोन, खाली रबरी टायर. का दोन? रूळ गेले ना! वीज परत न्यायला दुसरी तार हवी. वर ट्रामचं जे सांगितलं ते ज्याला कळलं त्याला हे आपोआप कळतं. भाच्याला कळलं आणि मामाची छाती जरा फुगली.

ट्रामचे मार्ग १९५०च्या दशकापासून एकेक करून बंद होत गेले. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, माणसांनी खच्चून भरलेली. मला वाटतं त्या रात्री ती आगारात लागल्यावर कुणी शेरा लिहिलाच नसेल. दुरुस्त कशाला करायची?

खाली आलो तर गेटाबाहेर चहाच्या टपरीवर बेस्टचा एक फिटर भेटला. हाताला ग्रीस, म्हणजे ओळख करून घ्यायची गरजच नाही. मी शिवाईचं प्रशिक्षण घेऊन आलोय म्हटल्यावर (शिवाई म्हणजे आमची विजेवरची बस, १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावरच सुरू झाली) तो म्हणाला, ‘आमच्या जुन्या डबलडेकर गेल्या सप्टेंबर २०२३ ला, आता एसी इलेक्ट्रिक. हात काळे होत नाहीत हो, बरं वाटत नाही.’ मी विचारलं, ‘वर संग्रहालय पाहिलंस?’ म्हणाला, ‘रोज इथंच असतो, म्हणून राहिलंय.’ त्यालाही मी हाताला धरून वर न्यायला निघालो होतो, पण त्याची चहाची सुट्टी संपली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोमवार-मंगळवार टाळा आणि निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या. हार्बर लाइननं गुरू तेग बहादूर नगरला उतरलात तर जवळ पडतं. दीड तास हाताशी ठेवा, मेकॅनिक असाल तर तीन. लहान मुलांना मॉडेल आवडतील, पण काच आहे हे आधीच समजावून न्या. एखाद्या निवृत्त कंडक्टरला किंवा ड्रायव्हरला सोबत नेलंत तर पाट्या वाचायची गरज पडणार नाही, फक्त त्याला लवकर बाहेर काढायचं बघा. खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका, टपरीवरचा चहा उत्तम. आणि त्याच दिवशी फोर्टात जाणार असाल तर फ्लोरा फाउंटनपाशी थांबा. २०१७-१८ च्या सुमाराला तिथं कारंज्याच्या दुरुस्तीत खोदताना जमिनीखाली ट्रामचे खरे रूळ सापडले होते. माझ्याकडून पाचापैकी साडेचार. अर्धा गुण त्या झिजलेल्या चाकासाठी राखून ठेवलाय.

परत निघताना भाचा म्हणाला दादरला वडा खाऊ. बेस्टमध्ये बसलो. गर्दी होती. मला दिवसभराचं चढलेलं, म्हणून कंडक्टरला मुद्दाम विचारलं, ‘मास्तर, दोन दादर टी.टी. आणि हे टी.टी. म्हणजे काय हो?’ ट्राम टर्मिनस, हे मला माहीत होतं; साठ वर्षांपूर्वी गेलेली ट्राम अजून त्या थांब्याच्या नावात रोज हजार वेळा पुकारली जाते, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तरुण पोरगा होता. त्यानं मशीनमधून तिकीट फाडून हातात दिलं, सुटे पैसे मोजले आणि म्हणाला,

‘टी.टी. म्हणजे टी.टी. काका, दरवाजात थांबू नका, पुढे चला.’